चौथं रीळ

१२ जानेवारी १९३०, लोणावळा

तंबू उभा राहिला. बाजारामागच्या माळावर वारा आडवा येतो, म्हणून खुंट्या पुन्हा उपटून खोल ठोकाव्या लागल्या. पुण्यात आठ वर्षं दुसऱ्याच्या थेटरात मशीन फिरवलं. आता मशीन माझं, तंबू माझा, परवानाही माझ्याच नावाचा: नसीर हुसेन तांबोळी. ही वही मशीनसाठी घेतली आहे. दिव्यातली कार्बनची कांडी कधी बदलली, कुठलं रीळ कुठं तुटलं, एवढंच लिहायचं. उम्मेहानी म्हणाली, बायकोचंही नाव कधीतरी येऊ द्या. आलं.

चित्र 'राणी मेघावती'. गिरगावातल्या एका व्यापाऱ्याकडून आणलं, बरंच फिरलेलं आहे. सात डबे. आज उघडून पाहिले तर चौथा रिकामा, आत गंजाची पूड. तिसऱ्या रिळाच्या शेवटी राणी गडाच्या दरवाजात तलवार घेऊन उभी आहे आणि खाली परक्या राजाची फौज दिसते. पाचवं सुरू होतं तेव्हा ती बेड्या घालून अंधारकोठडीत. मधलं काही नाही. व्यापाऱ्याला पत्र टाकलं.

१६ जानेवारी

पहिला खेळ पडला.

चित्र मुकं. मधून मधून पाट्या येतात त्या इंग्रजी आणि गुजराती. इथल्या माणसांना दोन्ही येत नाहीत, पुष्कळांना वाचताच येत नाही. म्हणून पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस लागतो. पुण्याहून नाटकातले एक गृहस्थ आणले होते. आवाज चांगला, पण बोलणं पुस्तकी. चौथ्या रिळाच्या जागी आले तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "येथील भाग गहाळ आहे." लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेंगांची टरफलं पडद्यापर्यंत आली. गृहस्थ सकाळच्या गाडीनं परत गेले.

ढोलकी वाजवायला ठेवलेला दत्तोबा पूर्वी तमाशात होता. तो म्हणाला, "आमच्या फडात झुंबरबाई हुती. गळा बसला म्हनून गानं सुटलं. पन बोलाय लागली की मानूस जागचा हालत न्हाई. कामशेतला भावाकडं असती."

बोलाव म्हटलं. बाईमाणूस पडद्याशेजारी उभं राहिलेलं मी पुण्यातही पाहिलं नाही. पण दुसरा इलाज नाही.

१९ जानेवारी

झुंबरबाई आली. पन्नाशीची असेल. उंच, काटक, आवाज घासलेल्या पितळेसारखा. दुपारी तंबूची कनात पाडून तिला एकटीला सगळं चित्र दाखवलं. मांडी घालून बसली ती हलली नाही. तिसरं रीळ संपून पाचवं लागलं तेव्हा मात्र हात वर केला.

"भाऊ, थांबा. ही हितं दारात उभी हाय. मग एकदम बेडीत कशी?"

"मधलं रीळ हरवलंय बाई."

"हरवलं न्हाई," ती म्हणाली. "त्ये मी सांगंन. त्या येळंला तुमी दिवा तेवढा मालवा."

मला बरंच झालं. मशीनला मध्ये विसावा मिळतो. तेवढ्यात कार्बन बदलता येतो, तेल देता येतं.

२२ जानेवारी

खेळ चांगला झाला. तिसरं रीळ संपल्यावर दिवा बंद केला. पडद्यापाशी फक्त एक कंदील. झुंबरबाई बोलत होती, मी तेल देत होतो. मशीनची खोली पत्र्याची आणि मागेच वीज तयार करणारं ऑइल इंजिन धडधडत असतं, त्यामुळे तिचे शब्द माझ्यापर्यंत येत नाहीत. नुसता आवाजाचा चढउतार कळतो. एवढं मात्र दिसलं की कुणी शेंगा फोडत नव्हतं.

वरच्या कार्बनला तडा. उद्या बदलणे.

२९ जानेवारी

तीच माणसं परत येतात. हे मला नवीन आहे. पुण्यात चित्र आठवडाभर चालायचं ते माणसं बदलत राहायची म्हणून. इथं वलवण, वाकसईकडच्या बाया घोळक्यानं येतात, पोरांना पाठुंगळी मारून, आणि दोन दिवसांनी त्याच पुन्हा. परवा एकजण दुसरीला बजावत होती, "आधीचं बगितलं न्हाईस तरी चालंल, पन चौथं चुकवू नगंस."

ज्याचं रीळच नाही ते कसलं चुकवायचं?

उम्मेहानी काल पहिल्यांदा आली. बायकांच्या बाजूला बसली होती. घरी येताना मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "तुम्ही ऐकत नाही का ते?"

"काय?"

"काही नाही. उद्या परत जाईन म्हणते."

७ फेब्रुवारी

मंगळवारपासून रेल्वेचा संप सुरू आहे. लोको शेडकडून धूर नाही. घाटात ढकलायला लागणारी इंजिनं थंड उभी आहेत. मला धास्ती होती की पगार बंद झालेली माणसं तंबूत कशाला येतील. रोजेही चालू आहेत, त्यामुळे खेळ इफ्तारनंतर लावतो.

पण तंबू भरला. आमच्या शेजारचा अंबाजी इंजिनावर आगवाला आहे, तो शेडमधली सगळी मंडळी घेऊन आला. आत शिरताना मला म्हणाला, "नसीरभाऊ, आज चौथ्यात काय हाय?"

"नेहमीचंच. काही नाही."

तो हसला. "त्येच बगाय आलोय."

काल त्या जागी टाळ्या पडल्या. नंतर दत्तोबाकडून कळलं की झुंबरबाईनं राजाच्या रथांचे सारथी खाली उतरवले, घोडे सोडून दिले, आणि राजा रथात बसून 'चल, चल' म्हणून ओरडत राहिला. म्हटलं, आधी तर राणी लढते असं सांगितलं होतं ना? दत्तोबा म्हणाला, "बाई रोज येगळं सांगती."

हे बरोबर नाही. गोष्ट एकच पाहिजे. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, रीळ सापडंल तवा एकच हुईल."

१५ फेब्रुवारी

पुण्याहून नवं चित्र आणून लावलं. घोडे, मारामाऱ्या, कड्यावरून उडी. आठही रिळं शाबूत, एक ओरखडा नाही. फिरवताना हाताला लोण्यासारखं लागतं. पहिल्या दिवशी निम्मा तंबू रिकामा. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बाहेर म्हाताऱ्या बाया मला विचारतात, "आमची राणी कुटं गेली?"

आज पुन्हा 'मेघावती' लावलं. भरलं. पूर्ण चित्र नको आणि अपुरं हवं, यामागचं कारण मला सापडत नाही. सलग पाहून डोळे शिणत असतील. मध्ये अंधार झाला की बरं वाटत असेल. मशीनवर बसून माझे तर शिणतातच.

३ मार्च

काल ईद झाली. झुंबरबाई आणि दत्तोबाला शीरखुर्म्याला बोलावलं होतं. दत्तोबा खाऊन लगेच गेला. झुंबरबाई चुलीपाशी उम्मेहानीशी बोलत बसली. मी ओसरीवर इंजिनाचा पट्टा शिवत होतो.

झुंबरबाईचं गाव पाण्याखाली आहे. विजेसाठी डोंगरात बंधारे बांधले तेव्हा गेलेलं. सरकारनं जमीन घेतली आणि कंपनीला दिली. माणसं साखळ्या घेऊन आली, मोजून गेली. घरं, मळा, चिंचा, मसणवट्यासुद्धा. तिची आई उठायला तयार नव्हती. पाणी सोडलं तेव्हा झुंबरबाई फडाबरोबर खानदेशात होती. आली तर तलाव.

"आणि आई?" उम्मेहानीनं विचारलं.

"भावानं पाठीवर घातली आन् काडली. महिनाभर जगली." मग म्हणाली, "मी हितं नव्हते ना. म्हनून राणीला म्या दारातनं हालू देत न्हाई."

चित्रातली राणी की दुसरी कोणी, ते कळलं नाही. पट्टा शिवून झाला.

१८ मार्च

काल फौजदार खेळाला आले. साताऱ्याकडचे आहेत, बोलायला मऊ. पुढं खुर्ची दिली. त्यांच्याकडे कागद आणि पेन्सिल होती. खेळाआधी मला म्हणाले, "तांबोळी, तुमच्या बाईंची फार कीर्ती ऐकली." मला अभिमान वाटला.

चौथ्या रिळाच्या जागी झुंबरबाई अगदी हळू, कीर्तनात बोलावं तशी बोलली. मी मुद्दाम तेल देणं थांबवून दाराशी आलो, पण इंजिनापुढं फारसं ऐकू आलं नाही. कळलं ते एवढं, की राणीनं नेम धरला: परका राजा मुलूख सोडून जाईपर्यंत मी अळणी खाईन. एवढंच. पण तंबू असा हसला की कनाती हलल्या. मागून कुणी ओरडलं, "मीठ आनाय चाल्लाय म्हातारा!" की पुन्हा हसू.

खेळ संपल्यावर फौजदार म्हणाले, "धार्मिक आहे. चांगलं आहे." कागदावर त्यांनी काही लिहिलं नव्हतं. व्रतवैकल्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांनाही कळलं नसावं.

२३ मार्च

घरी डाळ अळणी. उम्मेहानीला सांगितलं, मीठ विसरलीस. ती "हो" म्हणाली. आठवडाभर रोज विसरते आहे. दुपारी अंबाजीकडं चहाला गेलो तर तिथं भाकरीबरोबरचं कालवण अळणी. बाजारात माणसं एकमेकांना भेटली की "काय, अळणी?" असं विचारून पुढं जातात. एखादी साथ चालू असेल आणि वैद्यानं पथ्य सांगितलं असेल असं वाटून मी वैद्यांना विचारलं. ते माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले.

७ एप्रिल

कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा. संपामुळे गाड्या कमी, तरी कोळी मंडळी आलीच; मुंबईची, अलिबागेची. परत जाताना एक रात्र लोणावळ्यात थांबली आणि सगळी तंबूत शिरली. बसायला जागा नव्हती. कनात वर उचलून माळावरच्या लोकांनाही दिसेल असं केलं.

चौथं झाल्यावर एक कोळीण उठली. अंगभर सोनं, डोक्यात फुलं. चालत पडद्यापाशी गेली आणि पदराची गाठ सोडून झुंबरबाईच्या हातावर मूठभर मीठ ठेवलं. जाडं, ओलसर, काळपट. म्हणाली, "आमच्या किनाऱ्यावरचं. काल सकाळी उचललं."

झुंबरबाईनं ते कपाळाला लावलं. त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात पाचवं रीळ सुरू करायला मला उशीर झाला. दृष्ट काढायला मीठमोहरी लागते हे मला माहीत आहे, पण असं भर खेळात?

घरी आल्यावर उम्मेहानीला ते सांगितलं. ती आधी हसली. मग माझ्याजवळ बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं तिनं मला सगळं सांगितलं: मीठ, कायदा, समुद्रावर चालत गेलेली माणसं, अळणी कालवण. वर्तमानपत्र मी वाचतो. मिठाची बातमी मी वाचली होती. ती आपल्या तंबूत येऊन बसली आहे हे मात्र मला दिसलं नव्हतं.

१२ एप्रिल

फौजदारांनी चौकीवर बोलावलं. या वेळी मऊ नव्हते.

"चौथ्या रिळात काय आहे?"

"काही नाही साहेब. चौथं रीळच नाही."

"माझी थट्टा करता?"

मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाचा दाखला त्यांनी टेबलावर ठेवायला लावला. सात रिळं पास झालेली. बोट ठेवून म्हणाले, "सात पास झाली, तुम्ही सहा दाखवता. चौथ्याच्या जागी जे चालतं ते कुणीही पास केलेलं नाही. मुंबईहून रीळ मागवा. ते आलं की त्या बाईनं एक शब्द बोलायचा नाही. पाट्या आहेत, त्या पुरे. नाहीतर वडगावला मामलेदारांकडं परवाना रद्द करायला लिहितो."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं. चित्र पुरं होणार.

२२ एप्रिल

रीळ आलं. ज्या व्यापाऱ्यानं माझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नव्हतं, त्यानं फौजदारांच्या एका पत्रावर दुसऱ्या प्रतीतून काढून पाठवलं. फिल्म चकचकीत, फारशी फिरलेली नाही.

संप मिटला म्हणतात. पुष्कळांना कामावर घेतलं, अंबाजीला घेतलं नाही.

२५ एप्रिल

दुपारी कनात पाडून झुंबरबाईला रीळ दाखवलं. दाखवायची गरज नव्हती. पण तिनं पाहिल्याशिवाय ते लावणं मला बरं वाटेना.

रिळात असं आहे. राणी गडाच्या पायऱ्या उतरते. राजाच्या घोड्यापुढं गुडघे टेकते आणि तलवार त्याच्या पायाशी ठेवते. इंग्रजी पाटी येते, तिचा अर्थ, 'महाराज, मी अबला, मला क्षमा करा.' राजा मिशीवर हात फिरवतो आणि बेड्या घालायला सांगतो.

संपल्यावर तिनं पांढऱ्या पडद्याकडं बोट केलं.

"ही कोन बाई?"

"राणीच. तीच नटी आहे."

"न्हाई," ती म्हणाली. "ही येगळी हाय."

फौजदारांचा हुकूम तिला सांगितला. दुसरं काम देतो म्हटलं, दारावर तिकिटं घ्यायचं. ती म्हणाली, "नगं. मी तिकीट काडून बसंन बायांत. तुमचा परवाना ऱ्हाऊ द्या, भाऊ. तुमच्यावर माजा राग न्हाई."

२७ एप्रिल

काल जे झालं ते क्रमानं लिहून ठेवतो, कारण मला विचारलं जाणार आहे.

तंबू खच्चून भरला होता. फौजदार पुढं खुर्चीवर, दोन शिपाई दाराशी. पहिली तीन रिळं पाट्यांवर गेली, सांगणारं कुणी नाही, दत्तोबाची ढोलकी तेवढी. लोक शांत होते. झुंबरबाई बायकांत, तिच्या शेजारी उम्मेहानी.

चौथं लावलं. राणी पायऱ्या उतरू लागली तसा तंबूत गुणगुणल्यासारखा आवाज झाला. तिनं गुडघे टेकले तेव्हा एक म्हातारी उभी राहिली आणि पडद्याला बोट दाखवून म्हणाली, "खोटं हाय ह्ये."

मग सगळीकडून. "खोटं रीळ!" "आमची राणी आसं करत न्हाई!" "कुनी आनलं ह्ये?" फौजदार उठले, वळले. म्हणाले, "हेच खरं रीळ आहे. सरकारी शिक्क्याचं आहे." त्यावर अंबाजी मागून ओरडला, "म्हनून तर!"

मी हँडल फिरवतच होतो. तोपर्यंत माझा हात कधीच चुकला नव्हता. तेवढ्यात माणसं माझ्या खोलीकडं तोंड करून ओरडू लागली. "नसीरभाऊ, दिवा मालवा! दिवा मालवा!"

फिल्म दिव्यासमोर थांबली तर पेटते. म्हणून आधी झडप पाडावी लागते, मग दिवा, मग हात थांबवायचा. मी ते त्याच क्रमानं केलं. का केलं ते सांगता येत नाही. रीळ चांगलं होतं. तुटलेलं नव्हतं.

दिव्यानंतर मी इंजिनही बंद केलं. हेही कधी केलं नव्हतं. एकदम शांत झालं. फौजदार "उजेड करा, उजेड करा" म्हणत होते. आणि त्या अंधारात एका बाईचा आवाज बोलू लागला: "राणी दारात उभी आहे."

तो झुंबरबाईचा नव्हता. तो आवाज मी बारा वर्षं घरात ऐकतो आहे.

तिनं दोन-तीन वाक्यं सांगितली असतील. मग दुसरीनं उचललं, मग तिसरीनं. मग सगळ्याच. एकीची राणी तलावाच्या काठी, एकीची इंजिनाच्या वाटेत रुळांवर, एकीची मीठ दळत बसलेली. इंजिन बंद असूनही मला एक गोष्ट धड लागली नाही. शिपायांनी कंदील लावले तेव्हा सगळ्या तोंडं मिटून पडद्याकडं बघत होत्या. पडद्यावर काही नव्हतं.

फौजदार सरळ बायकांत गेले आणि त्यांनी झुंबरबाईला उठवलं. ती एक अक्षर बोललेली नव्हती. तसं उम्मेहानी सांगायला गेली, तर झुंबरबाईनं तिचा हात दाबला आणि चालू लागली.

तंबूला सील.

३० एप्रिल

काहीच काम नाही. कार्बन आहेत तेवढे पुसून ठेवले.

उम्मेहानीशी भांडण झालं. ती म्हणते, "मी वडगावला जाऊन सांगते, मी बोलले." मी म्हटलं, तुला तुरुंगात घालतील. ती म्हणाली, "मग तिला घालायचं?" मी म्हटलं, मला साक्षीला बोलावलंय, मी सांगेन ती बोलली नाही. "आणि कोण बोललं विचारलं तर?"

 ती विहिरीवर गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

९ मे

वडगावला कोर्ट झालं. उम्मेहानीला घरी राहा म्हटलं होतं. ती पुढच्या डब्यात बसून आली, आणि वलवणच्या बायांबरोबर मागच्या भिंतीशी उभी राहिली.

मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं, "आरोपी त्या दिवशी काय बोलली?"

"काही नाही साहेब. त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत."

"मग लोकांना कोण चिथावत होतं? तंबू तुमचा आहे. आवाज ओळखीचा नव्हता?"

 कोर्टात एक मोठं घड्याळ आहे, त्याकडं पाहत राहिलो. मागं बांगड्या वाजल्या. कोण पुढं येत होतं ते मला न वळता कळलं.

तेवढ्यात झुंबरबाई म्हणाली, "सायेब, त्येला कशाला तरास? मीच बोलले. माजा गळा बसल्याला हाय, अंधारात वळखू येत न्हाई मानसाला."

"साहेब, त्या नाही..." उम्मेहानी म्हणाली.

झुंबरबाईनं मागं न बघता म्हटलं, "बस गं पोरी. उभं ऱ्हाऊन पाय दुकत्याल."

फौजदार उम्मेहानीकडं बघत होते. मग माझ्याकडं. त्यांना कळलं असावं. त्यांनी कागद आवरले. आरोपीनं कबूल केलं आहे म्हणून साक्ष तिथंच थांबली. तीन महिने.

एका बाईनं माझ्यादेखत खोटं सांगितलं आणि मी ते राहू दिलं. ते तसंच इथं लिहून ठेवतो.

येरवड्याला न्यायला एकच शिपाई दिला होता. मावळातलाच, मिशा पिकलेला, तळेगावच्या बाजूचा. वडगाव स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत तो आणि झुंबरबाई बाकावर बसले. आम्ही दोघं जवळ गेलो; त्यानं हटकलं नाही. उम्मेहानीनं आणलेल्या भाकऱ्या तिच्या मांडीवर ठेवल्या आणि रडू लागली. झुंबरबाई म्हणाली, "रडतीस काय? चांगलं सांगितलंस की. सुरवात जरा घाईत केलीस, येवडंच."

 शेवटी जे मनात होतं तेच विचारलं.

"झुंबरबाई, चौथ्या रिळात काय होतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग इतकी हसली की पलीकडची माणसं वळली. "समद्या लोनावळ्यानं ऐकलं, आन् मालकानंच न्हाई?"

"मी तेल देत होतो."

"बसा," ती म्हणाली.

मी फलाटावरच बसलो. उम्मेहानी बसली. झुंबरबाई सांगू लागली. आवाज मोठा नव्हता.

"राणी दारात उभी हाय. राजाची मानसं आली. तलवारी न्हाईत त्येंच्याकडं. हातात साकळी, मोजायची. म्हनली, बाई, बाजूला व्हा, मोजायचंय. राणी म्हनली, काय मोजताय? म्हनली, गड, शिवार, हीर, घरं, समदं. राणी म्हनली, मोजा. माज्या बयेची चूल मोजा. चुलीतली राख मोजा. जात्यावर पहाटं जेवडं बोलली त्ये बी मोजा. समदं घाला कागदावर, आन् मग मला हालवा. त्येंनी साकळी टाकली. दिस मावळंस्तवर मोजत व्हती. चुलीपातुर आली आन् साकळी पुरंना."

शिपाई इकडंतिकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत होता.

"मग राजा म्हनला, मोजू नका, पानी सोडा. सोडलं. पानी घोट्याला आलं. राणी हालली न्हाई. गुडघ्याला आलं. बाया म्हनल्या, बाई, चला. ती म्हनली, तुमी डोंगरावर जावा आन् तितनं माज्याकडं बगत ऱ्हावा. कुनी नजर काडायची न्हाई. पानी कमरंला आलं..."

गाडी आली. वाफेत सगळं झाकून गेलं. माणसं उतरली, चढली. झुंबरबाई भाकऱ्यांचं फडकं आवळून उठू लागली. शिपायानं तिला हातानंच बस म्हटलं.

"गाडी की रं बाबा," ती म्हणाली.

"जाऊ द्या ही. दुसरी हाय."

गार्डानं शिट्टी दिली. डबे एकामागून एक आमच्या समोरून गेले आणि फलाट मोकळा झाला. शिपायानं पगडी काढून मांडीवर ठेवली, कपाळाचा घाम पुसला.

"हां," तो म्हणाला. "कमरंला आलं. मग?"